बुडीत खाते

व्यापाऱ्यांच्या बोलण्यात ‘बुडीत खाते’ असा एक शब्द असतो. जे येणे वसूल होण्याची आशा उरली नाही, ते ह्या खात्यावर टाकतात आणि पुढचे पान उलटतात. लहानपणी मामांच्या दुकानात हा शब्द पहिल्यांदा कानी पडला, तेव्हा मला वाटले होते, की कुठेतरी विहिरीच्या तळाशी खरोखरच एक लाल वही ठेवलेली असणार. मामा पोट धरून हसले होते. आज मी पन्नाशी ओलांडलेला मुख्याध्यापक आहे आणि पाण्यात गेलेले एक खाते मी माझ्याच हातांनी वर काढले आहे. ते काढावे की राहू द्यावे, ह्या प्रश्नाने मला जितके छळले, तितके एम. ए.च्या परीक्षेतल्या एकाही प्रश्नाने छळले नव्हते.

मामांचे दुकान हैदराबादच्या बेगम बाजारात, पितळी आणि स्टीलच्या भांड्यांचे. आपल्या सीमेवरच्या घरांना हैदराबाद काही परके नाही. १९५६ पर्यंत आपण त्याच राज्यात होतो. पुढे कचेऱ्या औरंगाबाद-मुंबईकडे वळल्या. पण सोयरीक, दवाखाना आणि लग्नाचा बस्ता ह्यांनी जुनी वाट सोडली नाही. देगलूरहून निघालेली बस मदनूर, संगारेड्डी करीत गौलीगुड्याच्या त्या अर्धगोल पत्र्याच्या स्थानकात शिरायची. (ते छत २०१८ साली कोसळले. मला घरातले माणूस गेल्यासारखे वाटले होते.) तिथून ट्रंक खांद्यावर घेऊन चालत बेगम बाजार. पाट्या तेलुगू, उर्दू आणि हिंदीत, भाव मारवाडीत, भांडणे दखनीत, आणि जिना चढून वर गेले की मामांच्या घरात मराठी. १९८९ ते ९१ ही दोन वर्षे उस्मानिया विद्यापीठात मराठीचे एम. ए. करताना मी ह्याच घरात राहिलो, मामींच्या हातचे जेवलो. हे आधीच नोंदवून ठेवतो, कारण पुढच्या हिशेबात ते कुठेही येणार नाही.

१९९३ साली मामांनी दुकानात संगणक आणला. त्या पैशांत दोन स्कूटर आल्या असत्या, असे मामी पुढे कितीतरी वर्षे म्हणत. ३८६ जातीचे यंत्र, चाळीस मेगाबाइटची हार्ड डिस्क, पांढऱ्या-काळ्या पडद्याचा मॉनिटर. कीर्द-खतावणी सगळी ‘फॉक्सप्रो’मध्ये. एका ओळखीच्या मुलाकडून मामांनी आज्ञावली लिहून घेतली आणि पन्नाशीत एका बोटाने टंकायला शिकले. त्या दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या पाटावर लाल बासनातल्या वहीशेजारी कीबोर्डही मांडला होता. हळदकुंकू वाहिले, आणि त्यातले थोडे कळांच्या फटीत गेले. दर ३१ मार्चला मामा सगळी खाती फ्लॉपीवर उतरवून घेत आणि वर आपल्या वळणदार अक्षरात तारीख घालीत.

त्यानंतरच्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न ठरले. वडिलांनी मामांकडून पैसे घेतले. किती, ते आम्हा मुलांना कोणी सांगितले नाही. एवढे मात्र माहीत होते, की त्यातला काही भाग मामींच्या पाटल्या गहाण टाकून उभा राहिला. पुढे वडिलांनी हप्त्याहप्त्याने फेड केली आणि एक दिवस आईला सांगितले, ‘फिटले.’ मामी म्हणत, फिटले नाही. १९९९ साली एका लग्नाच्या पंगतीत हा शब्द चारचौघांत उच्चारला गेला आणि त्या दिवसापासून नणंद-भावजयींचे बोलणे तुटले. मामा दोघींच्या मध्ये बसून खाली बघत जेवत होते, हे मी पाहिले आहे. वडील २००४ साली गेले, आई २०१६ साली. आई जाईपर्यंत ‘आमचं एका पैचं देणं नाही’ हेच म्हणत राहिली.

२०२० च्या ऑक्टोबरात, १३ आणि १४ तारखेला हैदराबादेत आभाळ फाटले. मुसा नदीच्या काठावरच्या ह्या शहराला पूर नवा नाही. २८ सप्टेंबर १९०८ चा पूर तर हजारो माणसे घेऊन गेला. अफझलगंजजवळच्या रुग्णालयाच्या आवारात एक चिंचेचे झाड आहे, त्याच्या फांद्यांना धरून दीडशेच्या वर माणसे वाचली असे सांगतात. त्याच पुरानंतर विश्वेश्वरय्यांना बोलावणे गेले आणि पुढे उस्मानसागर, हिमायतसागर बांधले गेले. मामांचे आजोबा त्या पुराची एक गोष्ट सांगत. वह्या वाहून गेल्या, तरी पाणी उतरल्यावर काही गिऱ्हाइके स्वतः होऊन आली, म्हणाली, ‘शेठ, माझ्याकडे इतके निघतात, लिहून घ्या.’ आणि काही पुन्हा त्या गल्लीत फिरकलीच नाहीत. आजोबा दोघांचीही नावे सांगत नसत.

तर, २०२० मध्ये मामांच्या तळघरात छातीएवढे पाणी शिरले. जुना संगणक कधीचाच बंद होऊन तिथे पडला होता. तो दोन दिवस गढूळ पाण्यात राहिला. तिसऱ्या दिवशी मामेभावाने, जुने यंत्र अजून चालते का ह्या कुतूहलापोटी, तो पुसून विजेला लावला. फट् असा आवाज, धूर, आणि खेळ खलास. पाण्यात भिजलेल्या यंत्राला पाणी मारत नाही, ही घाई मारते. हे मला नंतर कळले. पुढच्याच वर्षी मामा गेले. दोन वर्षांनी मामेभाऊ म्हणाला, “दादा, भंगारात देण्यापेक्षा तुझ्या शाळेत मांडून ठेव. मुलांना दाखवायला होईल.” बरोबर चिखलाने भरलेला एक प्लॅस्टिकचा डबाही दिला. त्यात अकरा फ्लॉप्या होत्या.

मी तंत्रज्ञ नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत एक टेबल रिकामे केले आणि कोठीच्या गुजराती गल्लीतल्या एका तरुण कारागिराला गुरू केले. महिन्यातून एखाद्या रविवारी मी तिकडे जाई, तो सांगे, मी इथे येऊन करी. पहिला धडा: वीज लावायची नाही. काहीही झाले तरी नाही. पेटी उघडली. पत्र्याच्या तळाला हात लावताच त्याचा पापुद्रा सुटून हातात आला, इतका गंज. आत बोटभर गाळ, आणि गाळात पूर्वी कधीतरी शिरलेल्या झुरळांचे पंख. एकेक कार्ड काढले, कुठले कुठे होते ह्याची चित्रे वहीत काढली. मदरबोर्ड गाडीच्या बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्याने दात घासण्याच्या मऊ ब्रशाने धुतला, एकदा नव्हे, पाच वेळा. पाणी स्वच्छ निघेपर्यंत. मग एप्रिलच्या देगलुरी उन्हात चार दिवस. पाण्याने बिघडलेली वस्तू पुन्हा पाण्यानेच धुवायची, हे शिपायाला काही केल्या पटेना. पण नुकसान नुसते पाणी करीत नाही. पाण्यात विरघळलेले क्षार आणि मळ करतात, आणि ते काढायला पुन्हा पाणीच लागते.

धुतल्यावर बोर्डाच्या एका कोपऱ्यात हिरवी-निळी बुरशी दिसली. मला वाटले, ही पुराची करणी. कारागिराने मान हलवली. “पानी कुच नै करा मास्टरसाब, ये सेल खा गया.” बोर्डावर घड्याळ चालू ठेवणारी पिंपाच्या आकाराची लहानशी निकेल-कॅडमियमची बॅटरी असते. ती वर्षानुवर्षे तशीच पडून राहिली की फुटते, आतला क्षार झिरपतो आणि तांब्याच्या नाजूक रेघा खात सुटतो. पूर येण्याच्या कितीतरी आधीपासून हे चालू असणार. मी ती बॅटरी कापून काढली. क्षारावर आम्ल म्हणून लिंबाच्या सत्त्वाचे पाणी लावले, पुन्हा धुतले, वर स्पिरिट. सात रेघा तुटल्या होत्या. त्या कारागिराने केसाएवढ्या तारेने डाग देऊन जोडल्या, तेव्हा त्याने श्वास रोखून धरला होता आणि मीही. पॉवर सप्लाय मात्र दुसऱ्या यंत्रातून आणावा लागला. हार्ड डिस्कला त्याने हात लावायचे नाकारले. तिला हवेसाठी एक छिद्र असते, त्यातून पाणी आत गेले की तबकड्या संपल्याच. कीबोर्डच्या कळा उपसल्या, तर त्यांच्याखाली अजून लाली होती. तेवढी मी पुसली नाही.

पेटीला रंग द्यायचा की नाही, ह्यावर आमचा वाद झाला. त्याचे म्हणणे, रंग मारू, नवी दिसेल. मी सुटा गंज घासला, त्यावर प्रायमर दिले, पण पाण्याची जी आडवी रेघ पत्र्यावर उमटली होती ती राहू दिली. काय झाले हे दिसू नये इतके चांगले दुरुस्त केलेले यंत्र शाळेत ठेवून मुलांना मी काय दाखवणार होतो?

चौदा महिन्यांनी मॉनिटरवर अक्षरे उमटली. घड्याळाला बॅटरी नव्हती, त्यामुळे यंत्राने तारीख दाखवली १ जानेवारी १९८०. त्याच्या लेखी अजून काहीच घडले नव्हते. बहिणीचे लग्न नाही, पाटल्या नाहीत, पंगत नाही.

उरल्या फ्लॉप्या. आणि इथे माझे हात थांबले.

ओल्या फ्लॉपीतली माहिती बहुधा मरत नाही. वरचे पाकीट कापायचे, आतली तपकिरी चकती पाण्यात हलक्या हाताने धुवायची, सावलीत वाळवायची आणि कोऱ्या फ्लॉपीच्या पाकिटात घालून एकदाच वाचायची. हे कारागिराने मला शिकवले होते. डब्यातल्या एका फ्लॉपीवर मामांच्या अक्षरात लिहिले होते: ‘खाते ३१-३-९९’. म्हणजे पंगतीतल्या भांडणाच्या वर्षातली. ती धुतली तर कोण खरे बोलत होते ते कळणार होते, आणि न धुतली तर कोणालाही, कधीही कळणार नव्हते. मामेभावाला त्या डब्यात काय आहे ह्याची कल्पनाही नव्हती. मी तो तसाच कचऱ्यात टाकला असता, तर विचारणारे कोणी नव्हते.

तीन महिने डबा कपाटात होता. स्वतःची समजूत घालायला मी बरीच पुस्तके उघडली. कायदा पाहिला. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे उसने दिलेल्या पैशांसाठी तीन वर्षांनंतर दावा चालत नाही. बरे वाटले. पण त्याच्याही आधीचा १८७२ चा कराराचा कायदा असे म्हणतो, की मुदत टळलेले कर्ज फेडण्याचे वचन ऋणकोने लिहून दिले तर ते वचन पक्के. म्हणजे कायद्याने दार लावून घेतले, पण कडी आतल्या बाजूने, ऋणकोच्या हाताशी ठेवली. मनूच्या अठरा व्यवहारपदांत पहिले पद ऋणादानाचे आहे, खून-चोरीच्याही आधी. बापाचे कर्ज मुलाने फेडणे हे आपल्याकडे धर्मकर्तव्य मानले गेले आणि न्यायालयांनीही ते मानले. २००५ च्या दुरुस्तीने केवळ ह्या कारणासाठी मुलाच्या मागे लागण्याचा सावकाराचा हक्क गेला, तोही त्यानंतरच्या कर्जांपुरता. आमचे कर्ज १९९४ चे. एका वकील मित्राला हे विचारले, तर तो म्हणाला, “तुझ्यावर दावा कोणी लावलाय?” कोणीच नाही. अडचण तीच होती.

मग सुपे आठवले. १२ मे १८७५ रोजी भीमथडीतल्या ह्या बाजारगावी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे घेरली, आणि त्यांना हवे होते ते कागद: गहाणखते, रोखे, चोपड्या. ते जाळले. माणसांना मारणे हा त्यांचा हेतू नव्हता. दामदुपटीच्या आणि खोट्या लिखापढीच्या त्या जंजाळात कागद जाळणे हा अन्याय होता, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण मामा काही सुप्याचे सावकार नव्हते. त्यांनी व्याज लावले नव्हते. सुप्याची सबब माझ्या कामाची नव्हती.

आणि शेवटी, मराठी माणूस जिथे जातो तिथे मी गेलो, इंद्रायणीच्या काठी. तुकोबांच्या घरी सावकारी होती. दुष्काळानंतर त्यांनी लोकांच्या कर्जाचे कागद इंद्रायणीत सोडले, असे चरित्रकार सांगतात. पुढे त्याच नदीत गाथा बुडवावी लागली आणि तेरा दिवसांनी ती कोरडी वर आली, अशी श्रद्धा आहे. मला ही दोन्ही बुडणी शाळेत असल्यापासून माहीत होती. पण कागदांच्या गोष्टीतला एक तपशील मी कधी नीट वाचलाच नव्हता. तुकोबांनी आधी कागदांची वाटणी केली. अर्धे धाकट्या भावाला, कान्होबाला दिले, आणि उरलेले, स्वतःच्या वाट्याचे, पाण्यात सोडले. भावाचे येणे बुडवण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडे घेतला नाही. आणि बुडवले ते लोकांकडून येणे होते. दुसऱ्याचे देणे असे कोणी नदीत सोडल्याची कथा कुठल्याही संताच्या चरित्रात मला सापडली नाही. डबा कपाटात कोंडून मी नेमके तेच करीत होतो, आणि वर इंद्रायणीचे नाव घेत होतो.

त्या रविवारी फ्लॉप्या धुतल्या. अकरांतल्या तीन वाचता आल्या. ‘३१-३-९९’ त्यांत होती.

वडिलांचे नाव सरळ पाहता यादीत नव्हते. क्षणभर मला हलके वाटले, हे कबूल करतो. मग कारागिराने फॉक्सप्रोची एक गंमत सांगितली. त्यात एखादी नोंद काढून टाका म्हटले, की ती लगेच जात नाही. तिच्यावर फक्त खूण होते आणि ती नजरेआड ठेवता येते. ‘पॅक’ अशी दुसरी आज्ञा दिली तरच ती खरी नष्ट होते. त्याने लपवलेल्या नोंदी दाखवायला लावल्या. तीन नावे आली, तिन्हींच्या आधी तारका. पहिल्या दोघांच्या पुढे बाकी शून्य. म्हणजे फिटले म्हणून काढलेली खाती. तिसरे नाव वडिलांचे. दिले २२,०००. आले ९,५००. बाकी १२,५००.

मामांनी ही नोंद खोडली, पण नष्ट केली नाही. का? मामा ‘पॅक’ विसरले असतील, इतकाच त्याचा अर्थ असू शकतो. पण मला वाटते त्यांनी सोडून दिले. बहिणीच्या नवऱ्याकडे मागायचे नाही, दुकानात बसू लागलेल्या मुलालाही ते दिसू द्यायचे नाही. हे मोठेपण खरेच आहे, आणि त्याचे अन्न मी खाल्ले आहे. तरी लिहितोच: ह्या मोठेपणाची किंमत दोन बायकांनी मोजली. पाटल्या मामींच्या होत्या. कान्होबाचा वाटा मामांनी न विचारता पाण्यात सोडला, आणि सोडला हे कोणालाच सांगितले नाही. त्यांनी एक शब्द बोलला असता, तर आई आणि मामी सतरा वर्षे एकमेकींच्या दारावरून मान फिरवून गेल्या नसत्या. माझ्या वडिलांचे काय? ‘फिटले’ म्हणताना त्यांना आकडा माहीत नव्हता असे मानायला मी तयार नाही. आईने मात्र त्यांच्यावर विश्वास ठेवला होता. ह्यापलीकडे मेलेल्या माणसांची झडती घ्यायला मी तयार नाही.

मामेभावाला फोन केला. तो म्हणाला, “दादा, सोड ना. बाबांनी सोडलं, मी पण सोडलं. आणि आईला उगाच सांगू नकोस, तिला आता काय करायचंय?” तो मनाने चांगला आहे. पण त्याच्या सोडण्याने काही सुटत नव्हते. मामींचे येणे फक्त पैशांचे नव्हते. ‘फिटले नाही’ ह्या एका वाक्याबद्दल सासरची सगळी माणसे त्यांना वीस-पंचवीस वर्षे खोटे मानत आली होती, त्यांत मीही होतो. ते त्यांना परत करायचे तर माझ्या वडिलांना मामींसमोर खोटे ठरवावे लागणार होते, आणि आईला भोळी. गेलेल्यांची अब्रू राखायची म्हणून जिवंत माणसाची अडवून ठेवावी का, ह्याचे उत्तर मला पुस्तकांत मिळाले नाही. बसमध्ये बसलो तेव्हाही मिळाले नव्हते.

मामी आता ऐंशीच्या घरात आहेत. दुकानाच्या वरच्या खोलीत पंख्याखाली मेथी निवडत बसल्या होत्या. मी पाया पडलो. पाकीट खिशात होते. किती भरावे ह्यावर रात्रभर हिशेब करून शेवटी एक आकडा ठरवला होता, तो इथे लिहीत नाही.

“मामी, जुन्या कॉम्प्युटरमध्ये आमच्या दादांचं खातं सापडलं,” मी म्हणालो. वडिलांना आम्ही दादाच म्हणायचो. “बावीस हजार घेतले होते. साडेनऊ परत आले. बाकी दिलेच नाहीत. तुम्ही म्हणत होता ते खरं होतं.”

त्यांचे हात थांबले नाहीत. एक जुडी संपली, दुसरी त्यांनी सोडली.

“म्हणजे साडेबारा?”

“हो. बारा हजार पाचशे.”

“मी चौदा धरून चालले होते,” मामी म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, काडी मोडत, “तुझ्या आईला मी चौदाच म्हणाले होते रे, त्या पंगतीत.”